हिरव्या चहात खनिजे किती?

वसई-विरार भागातील अनेक वाड्यांत विहिरीकाठी किंवा पाटाच्या कडेला गवती चहाचे एखादे तरी ठोंब असते. गुजराती गिऱ्हाईक याला 'लीली चा', म्हणजे हिरवा चहा म्हणते. दुकानात पाकिटातून मिळणारा 'ग्रीन टी' मात्र वेगळा. तो खनिजांनी समृद्ध असतो असे सांगितले जाते व महाग विकला जातो. यात तथ्य किती, हे बागायतदार व गृहिणी दोघांनीही जाणून घेणे हिताचे आहे.

दोन वेगळ्या वनस्पती

ग्रीन टी हा आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, कांगडा येथील चहाच्या झुडपाच्या (कॅमेलिया सायनेन्सिस) पानांपासून बनतो. पाने खुडल्यावर लगेच वाफ किंवा उष्णता दिल्याने ती काळी पडत नाहीत. या क्रियेने खनिजे वाढत नाहीत. त्यामुळे त्याच पानांच्या काळ्या चहातही खनिजे जवळजवळ तेवढीच असतात. गवती चहा हे गवत असून त्याचा वास सिट्रल या तेलघटकामुळे येतो. त्यात कॅफीन नसते.

पानात काय साठते?

चहाच्या झाडाला साधारण ४.५ ते ५.५ सामू असलेली आम्लधर्मी जमीन लागते. अशा जमिनीत मँगनीज व ॲल्युमिनियम विरघळलेल्या स्थितीत असतात. झाड ती शोषून पानांत साठविते. फ्लोराइडही असेच साठते. कोवळ्या पानांपेक्षा जून पानांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. तिबेटमध्ये जून पानांचा विटेसारखा दाबलेला चहा सतत पिणाऱ्यांमध्ये दात व हाडांचे विकार आढळून आले आहेत. म्हणून 'दोन पाने व एक कळी' यांचा चहा चांगला समजावा.

कपात किती उतरते?

पानातील सर्व खनिजे पाण्यात उतरत नाहीत. १०० मि.लि. तयार ग्रीन टीमध्ये पोटॅशियम सुमारे ८ मि.ग्रॅ., मॅग्नेशियम १ मि.ग्रॅ., मँगनीज ०.१८ मि.ग्रॅ. व लोह अवघे ०.०२ मि.ग्रॅ. असते. कॅल्शियम जवळजवळ नसतेच. याउलट १०० ग्रॅम केळ्यात पोटॅशियम सुमारे ३५० मि.ग्रॅ., तर १०० मि.लि. दुधात कॅल्शियम सुमारे १२० मि.ग्रॅ. असते. म्हणजे मँगनीज सोडल्यास चहाच्या कपातून खनिजांची गरज भागत नाही. आपल्या आगाशीची राजेळी केळी व त्यांची सुकेळी या बाबतीत कितीतरी सरस आहेत.

लोहाची हानी

चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये भाजी, डाळ व धान्यातील लोहाला बांधून ठेवतात. ते शरीराला मिळत नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया, गरोदर माता व वाढती मुले यांच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांनुसार जेवणापूर्वी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. गवती चहा चहापूडीबरोबर उकळल्यास हाच नियम लागू होतो, कारण टॅनिन पुडीतून येते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते.

बागायतदारांसाठी सूचना

१) गवती चहा सुकवून विकताना पाकिटावर 'ग्रीन टी' लिहू नये. अन्न सुरक्षा नियमांनुसार ते नाव फक्त कॅमेलियाच्या पानांना आहे. 

२) 'खनिजयुक्त' असा दावा प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय करू नये. खनिजांचे प्रमाण जमीन व पाणी यांनुसार बदलते.

३) सांडपाण्याच्या नाल्याकाठी किंवा रहदारीच्या रस्त्यालगत लागवड टाळावी. तेथे शिशासारखे घातक धातू पानांत व पानांवर येऊ शकतात.

४) खाडीलगतच्या विहिरी व बावखलांचे पाणी उन्हाळ्यात खारट होत असल्यास पाणी तपासूनच द्यावे.

ग्रीन टी आवडत असल्यास जरूर प्यावा, पण खनिजांसाठी भरवसा ताटातील पालेभाजी, डाळ, दूध आणि वाडीतल्या केळ्यांवरच ठेवावा.