उजनीचे पाणी हिरवे का होते?

माढा तालुक्यातले उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. भीमेचे पाणी अडून तयार झालेल्या या जलाशयाची क्षमता ११७ टीएमसीच्या घरात आहे. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत गणला जातो, म्हणून उन्हाळ्यात 'उजनी वजा झाली' हे शब्द सोलापूर जिल्ह्यात दर दोन-चार वर्षांनी ऐकू येतात. किती पाणी उरले, याची चर्चा रोज होते. ते पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र हिरवा तवंग किनाऱ्याला लागल्यावरच निघतो. त्या हिरवेपणाचे मूळ धरणाच्या शंभराहून अधिक किलोमीटर वर, पुण्यात आहे.

मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या शेवटी भीमेलाच मिळतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, प्रक्रिया झालेले आणि न झालेले, याच वाटेने उजनीत येते. आळंदीहून निघालेली पालखी पंढरपूरला पोहोचते, तसे आळंदीच्या घाटावरून गेलेले इंद्रायणीचे पाणीही तुळापूरला भीमेत मिसळून, उजनीत थांबून चंद्रभागेत जाते. वारकरी दोन्ही टोकांना एकाच पाण्यात स्नान करतो.

एका ग्रॅमचा हिशेब

या पाण्यातला सर्वांत महत्त्वाचा घटक डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला जाणवत नाही. तो म्हणजे फॉस्फरस. माणसाच्या शरीरातून रोज साधारण एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. २०११च्या जनगणनेत या दोन शहरांची लोकसंख्या मिळून ४८ लाखांवर होती. म्हणजे नुसत्या मलमूत्रातून रोज पावणेपाच टनांहून अधिक फॉस्फरस. त्यात धुण्याच्या पावडरी आणि शेतातून वाहून येणारी खते मिळवायची. यातला काही भाग प्रक्रिया केंद्रांच्या गाळात अडकतो, बाकीचा नदीला लागतो. एक किलो फॉस्फरस शंभर किलोहून अधिक कोरडे शेवाळ पोसू शकतो.

शेवाळाला नायट्रोजन आणि कार्बनही लागतात, मग बोट फॉस्फरसकडेच का? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये '२२६' क्रमांकाच्या तळ्याचे प्लास्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. एका भागात नायट्रोजन आणि कार्बन घातला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा जवळपास पूर्वीसारखाच राहिला. नायट्रोजन कमी पडला तर नील-हरित शेवाळाच्या कित्येक जाती तो हवेतून मिळवतात. फॉस्फरस हवेत नसतो. तो वरून वाहतच यावा लागतो.

पहाटेची घुसमट

तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. माशाचे सारे आयुष्य या तुटपुंज्या पुंजीवर चालते. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू मुबलक असतो, कारण ऊन असते. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू वापरू लागते, मेलेले शेवाळ कुजवणारे जीवाणूही वापरतात, आणि पहाटे साठा तळाला जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते याच वेळी. दुपारी घेतलेल्या नमुन्यात पाणी निर्दोष वाटेल. खरी परीक्षा सूर्योदयापूर्वी असते.

या परीक्षेत कोण टिकते, यावरून जलाशयातली माशांची वस्ती ठरते. वाहते पाणी आणि खडकाळ तळ मागणारा महसीर, म्हणजे आपला खडस, साठलेल्या पाण्यात अंडी घालू शकत नाही. मरळ हवेतून श्वास घेतो, म्हणून तगतो. चिलापी, म्हणजे तिलापिया, कमी प्राणवायू सोसतो, शेवाळ खातो, आणि मादी अंडी तोंडात सांभाळत असल्याने तळ गाळाने भरला तरी तिचे अडत नाही. जलाशयाकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग दिसतात, ते तलाव निरोगी असल्याचे लक्षण मानता येत नाही. रोहित पक्ष्यांचेही तसेच. उथळ चिखलातले बारीक जीव गाळून खाणाऱ्या या पाहुण्यांना पोषकद्रव्यांनी भरलेला किनारा सोयीचा असतो. त्यांचे येणे आनंदाचे आहेच, पण ते पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे.

माणसालाही यातून सूट नाही. मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शेवाळाच्या काही प्रकारांत यकृताला घातक विष तयार होते, आणि ते पाणी उकळल्याने नष्ट होत नाही. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते, म्हणून या शेवाळावर लक्ष ठेवणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

गाळाची स्मृती

वाहती नदी आपली घाण पुढे नेते. धरण ती साठवते. तळाशी प्राणवायू असेपर्यंत गाळातले लोह फॉस्फेटला धरून ठेवते. प्राणवायू संपला की लोह विरघळते, पकड सुटते आणि वर्षानुवर्षे साचलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. त्यावर नवे शेवाळ वाढते, ते मरून तळाशी जाते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायू संपवते. पाणी उतरते तेव्हा वारा हा उथळ गाळ ढवळतो, आणि उन्हाळ्यात संकट दुणावते.

याच फॉस्फरसवर पोसल्या जाणाऱ्या जलपर्णीवर औषध फवारण्याचे उपाय म्हणूनच तोकडे पडतात. फवारून मारलेली जलपर्णी तिथेच कुजते आणि तिने शोषलेले सारे पाण्याला परत देते. ती बाहेर काढून दूर नेली, तरच काही फॉस्फरस खरोखर कमी होतो.

उपाय उगमाशी आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात वळवण्यात आले आणि काही वर्षांतच ते तळे नितळ झाले. उजनी उथळ आहे, गाळ जुना आहे, इथे वेळ जास्त लागेल. म्हणूनच सुरुवात लांबवणे परवडणारे नाही. सांडपाणी केंद्रातून बाहेर पडताना बीओडी, म्हणजे घाण कुजायला लागणारा प्राणवायू, कमी झाला, म्हणजे फॉस्फरसही गेला असे होत नाही. तो काढण्यासाठी लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार वापरावे लागतात, किंवा तो शोषणारे जीवाणू वाढवावे लागतात. हे तंत्र जगभर रुळलेले आहे. आपला देश फॉस्फेट परदेशातून विकत आणतो आणि शहरांतला फॉस्फरस नदीत सोडतो. तोच सुरक्षित करून भीमाकाठच्या उसाला देता येईल.

भिगवण ते भीमानगर पट्ट्यातल्या मच्छीमारांच्या हाती प्राणवायू मोजणारी साधी उपकरणे देऊन पहाटेच्या नोंदी ठेवता येतील. आणि पुणे, पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक सांडपाणी केंद्राने नदीत सोडलेल्या फॉस्फरसचा रोजचा आकडा जाहीर केला पाहिजे. धरणातल्या टीएमसीचा आकडा आपण रोज वाचतो. हा आकडाही तितक्याच हक्काने मागायला हवा.