दंड-कमंडलूसुद्धा

राजाजीनगरला हिरव्या मार्गिकेची मेट्रो पकडली की सहावा थांबा कृष्णराजेंद्र मार्केटचा. जिना चढून वर यावं, शेवंती-मोगऱ्याच्या ढिगांमधून वाट काढावी, की बंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा उरलासुरला भाग समोर येतो. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रज फौज ज्या खिंडारातून आत घुसली, ती जागा दाखवणारी पाटी तिथे लावलेली आहे. पाटी खिंडाराची आहे. त्याआधी दोन आठवडे, ७ मार्चला, किल्ल्याला लागून असलेली पेट पडली होती. कापड, सूत आणि धान्याने भरलेली ती व्यापाऱ्यांची वस्ती इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैनिकांनी लुटली. पुष्कळ रहिवासी आधीच जीव घेऊन पळाले होते. त्यांच्या घरांबद्दल पाटीत एक अक्षर नाही.

या युद्धात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज एकटे नव्हते. निजाम होता आणि पेशवेही होते. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मेअखेरीस कॉर्नवॉलिसला मेलुकोटेजवळ येऊन मिळाल्या, तेव्हा इंग्रज छावणीत अन्नान्नदशा होती आणि तोफा ओढणारे बैल मरत होते. इंग्रजांना जगवलं ते मराठ्यांच्या लष्करी बाजाराने. त्या युद्धात नोकरीवर असलेल्या मार्क विल्क्सने आपल्या इतिहासात या बाजाराचं वर्णन केलं आहे. सराफांच्या फळ्यांवर देशोदेशीची नाणी, काश्मिरी शाली, हिरे, कोकणातली खारवलेली मासळी, विलायती चाकू. या सगळ्यात लुटलेल्या खेड्यातल्या एका गरीब मुलीच्या कानातलं चांदीचं डूलही विकायला होतं. बाजारातला माल आला कुठून, हे त्या एका डुलावरून कळतं.

त्याच वर्षी शृंगेरी लुटली गेली.

परशुरामभाऊंच्या फौजेबरोबर फिरणारे लमाण आणि पेंढारी तुंगेकाठच्या त्या मठावर तुटून पडले. माणसं मारली गेली, बायकांची विटंबना झाली, शारदेची मूर्ती जागची हलवली गेली. मठाची संपत्ती तर गेलीच, संन्याशाचे दंड-कमंडलूही लुटारूंनी सोडले नाहीत. जगद्गुरू सच्चिदानंद भारती यांना शृंगेरी सोडून कारकळला आसरा घ्यावा लागला. त्यांनी दाद मागितली ती टिपूकडे. टिपूने बिदनूरच्या आसफाला, म्हणजे प्रांताधिकाऱ्याला, हुकूम पाठवून शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी रोख रक्कम आणि सामग्री पुरवायला लावली. हा पत्रव्यवहार मठाच्या दप्तरात पडून होता. म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक आर. नरसिंहाचार्य यांनी १९१६ साली तो उजेडात आणला. याच टिपूने कोडगूमधली आणि मंगळूरची माणसं हजारोंनी बंदी करून नेली होती, हेही तितकंच खरं. शृंगेरीच्या पत्रांनी ते पुसलं जात नाही, आणि कोडगूच्या अत्याचारांनी शृंगेरीची लूट माफ होत नाही.

बंगळूरच्या मराठी माणसाला ही गोष्ट जड जाते, कारण त्याच्या घराशेजारीच दुसरी गोष्ट उभी आहे. राजाजीनगरला लागून मल्लेश्वरम आहे आणि तिथे काडु मल्लेश्वराचं देऊळ. बंगळूर शहाजीराजांची जहागीर होती. त्यांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ साली या देवाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. देवाला गाव देणारे मराठेच आणि एकशे बावीस वर्षांनी मठ नागवणारेही मराठ्यांच्याच लष्करासोबत आलेले.

‘पण ते पेंढारी होते, मराठे नव्हेत,’ असं उत्तर इतिहासप्रेमींच्या बैठकांत हमखास मिळतं. ते अपुरं आहे. पेंढारी वाट चुकून लष्करामागे आलेले नव्हते. त्यांना पगार नसे, लुटीवर जगायची मुभा असे आणि त्या मुभेपोटी ते पालपट्टी नावाचा कर भरत. शत्रूच्या मुलखातली रसद तोडायला, रान ओसाड करायला सरदारांना ते हवे होते. ज्याने लुटीतला हिस्सा घेतला, त्याला लुटीचा जाबही द्यावा लागतो.

त्या काळाला आजचे निकष लावू नयेत, हा दुसरा बचाव. मात्र हा निकष आजचा नाही आणि परकाही नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळुणाजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र मराठी वाचकाला चांगलं ठाऊक आहे. दाणागोटा आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, भाकरी, भाजीपाला ओरबाडू लागाल, आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गंज पेटेल, इतक्या बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत. शिपायाच्या हातून रयतेवर काय गुदरतं याची जबाबदारी अंमलदाराची, हे त्यात स्वच्छ मराठीत सांगितलेलं आहे. ते विसरलं गेलं, हे १७९१चं दुःख.

जगाच्या कायद्याला हे लिहून काढायला वेळ लागला. १९०७च्या हेग कराराने लुटीला बंदी घातली आणि सैन्यात सामील असलेल्या प्रत्येकाच्या कृत्याला लढणारं राज्य जबाबदार राहील, नियम मोडल्यास भरपाई देईल, असं ठरवलं. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ३३ लूट आणि सामूहिक शिक्षा दोन्हींना मनाई करतं. सेनापतीने हाताखालच्यांना रोखलं नाही, गुन्हा झाल्यावर शिक्षाही केली नाही, तर तो स्वतः दोषी ठरू शकतो, हे तत्त्व आता हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात आहे.

ते सिद्ध करणं मात्र महाकठीण. काँगोचे जाँ-पिएर बेंबा यांची माणसं २००२-०३ मध्ये शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तिथल्या अध्यक्षांच्या मदतीला गेली आणि त्यांनी खून, बलात्कार, लूट केली. २०१६ साली न्यायालयाने बेंबांना सेनापती या नात्याने दोषी धरून अठरा वर्षांची शिक्षा दिली. २०१८ साली अपिलात ते सुटले. परमुलखात असलेल्या माणसांना दूरवरून आवरण्याला मर्यादा होत्या, हा मुद्दा तिथे वजनदार ठरला. परशुरामभाऊंच्या वकिलानेही हाच मांडला असता.

भारत १९५० साली जिनिव्हा करारांत सामील झाला. १९६० साली त्यांचा कायदाही केला. पण त्याच्या कलम १७नुसार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालयाला दखल घेता येत नाही. ज्याचं घर लुटलं गेलं तो या कायद्याखाली स्वतः कोर्टाची पायरी चढू शकत नाही. नागरिकांचं संरक्षण आणखी तपशिलात सांगणारे १९७७चे दोन्ही पुरवणी करार भारताने स्वीकारलेलेच नाहीत. ज्यांच्या नावाची राजाजीनगर ही वसाहत, ते राजाजी १९६२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, अणुचाचण्या थांबवा हे केनेडींना सांगायला वॉशिंग्टनला गेले होते. परक्या सत्तांना असं बजावण्याची परंपरा असलेल्या देशाने स्वतःच्या लष्करावरचे नियम अर्धवट ठेवू नयेत.

धर्मस्थळांच्या नासधुशीची भरपाई ठरवता येते, याचं एक उदाहरण माली देशातलं. टिंबक्टूच्या सुफी संतांच्या कबरी पाडणाऱ्या अहमद अल महदीला हेगच्या न्यायालयाने २०१६ साली नऊ वर्षांची शिक्षा दिली आणि पुढच्या वर्षी २७ लाख युरोंची भरपाई ठरवली.

शृंगेरीसाठी असं न्यायालय नव्हतं, पण पुरावा आहे. तिथे काय घडलं, दंड-कमंडलूसुद्धा कसे नेले, हे सांगणारी पत्रं मराठीत आहेत. ती शत्रूच्या नव्हे, पटवर्धनांच्याच दप्तरात होती. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. ते वर्षानुवर्षं ही दप्तरं वाचत, नकलून घेत आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड एकामागून एक काढत राहिले. शृंगेरीची पत्रं त्यांनी वगळली नाहीत, आणि तेव्हा मिरजेच्या गादीवर पटवर्धनच होते.