विजयादशमीचा मुहूर्त आणि रथाची चाके

खंडेनवमीच्या प्रातःकाळी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आळ्यांतून फेरफटका मारावा, तो घरोघरी धुतलेली वाहने झेंडूच्या माळा लेवून उभी दिसतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी यावयाच्या नव्या मोटारीची चर्चा. अशाच एका घरी कीर्तन आटोपल्यावर यजमानांनी प्रस्तुत लेखकास पृच्छा केली, "बुवा, चिरंजीव हट्ट धरून बसले आहेत. अमेरिकेत मामाकडे आहे तशी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी. त्यासाठी कर्ज वाढवावे काय?"

मोटारीचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु श्रोत्यांत उमेदीची वर्षे मोटारीच्या कारखान्यात घालविलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना आम्ही शेजारी बसवून घेतले. त्या रात्री त्यांच्याकडून जे समजले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

कठोपनिषदातील रथाचे रूपक सर्वांस परिचित आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. त्या रथात ओढणारा घोडा निराळा आणि फिरणारे चाक निराळे. मोटारीत मात्र चाकच घोडा होते. एंजिनची शक्ती ज्या चाकांना पोहोचते, ती चाके जमिनीला रेटा देऊन गाडी पुढे नेतात. उरलेली नुसती वाहतात. म्हणून अश्वशक्ती किती, एवढे विचारून भागत नाही. ती कोणत्या चाकांना जोडली आहे, हेही विचारावे लागते.

या प्रश्नाची उत्तरे आपल्याच परिसराने पाहिली आहेत. चितोडच्या राणीचे नाव ल्यालेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याला घडत असे. तिचे एंजिन १०८९ सीसीचे, शक्ती ४० अश्वांच्या आसपास, आणि जोर मागच्या चाकांना. १९८५ साली त्याच कंपनीने ११८ एनई ही नवी गाडी आणली. तिचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा, परंतु एंजिन जपानच्या निसानचे, ११७१ सीसीचे. जुन्या देहात नवा प्राण म्हणावा असा हा प्रकार. मात्र जोर मागच्याच चाकांना राहिला. पुढे डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ मार्गावरील कारखान्यात फ्रान्सची प्यूजो ३०९ तयार होऊ लागली. तीत पेट्रोल व डिझेल अशी दोन एंजिने मिळत, एंजिन आडवे बसविलेले असे आणि जोर पुढच्या चाकांना असे. एंजिनचे ओझे ओढणाऱ्या चाकांवरच पडल्यामुळे पावसात पकड चांगली राही, आणि मागे जाणारा लांब दांडा नसल्याने आत बैठकीला जागाही मोकळी मिळे.

आता चार चाकांचा विचार. महाभारतात कर्णाच्या रथाचे एक चाक भूमीने गिळले आणि अवघा रथ अडला. दोनच चाकांना जोर देणाऱ्या मोटारीचेही चिखलात असेच होते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी 'डिफरन्शिअल' ही दातेरी चक्रांची योजना असते. तिचा स्वभाव असा की, एक चाक निसटले की तेच गरगरा फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे स्वस्थ राहते. जोर चारही चाकांना असेल, तर मागचे अडले तरी पुढचे ओढून काढते.

बर्फाच्या प्रदेशात याचे मोल मोठे. अमेरिकेत २०२५ च्या मालिकेत नव्याने रचलेली टोयोटा कॅम्री केवळ हायब्रिड रूपात आली. तिचे एंजिन अडीच लिटरचे, आणि चार चाकांचा जोर हवा असेल त्यांच्यासाठी मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर. पुढून मागे लांब दांडा नेण्याची गरजच उरली नाही! मामांची निवड त्यांच्या हिमवर्षावाला साजेशी आहे.

आपल्याकडे काय? २०२२ साली चाकणहून आलेल्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या मध्यम सेडान गाड्यांना एक लिटरचे ११५ अश्वशक्तीचे व दीड लिटरचे १५० अश्वशक्तीचे, अशी दोन पेट्रोल एंजिने मिळाली. जोर दोन्हींत पुढच्याच चाकांना. त्याच वर्षी होंडा सिटी हायब्रिड रूपातही आली. डिझेल मात्र या वर्गातून मागे पडले. त्याचे एक कारण असे की, २०२० नंतरच्या कडक नियमांमुळे धुरातील काजळी अडविणारी गाळणी आवश्यक झाली, आणि ती जळून स्वच्छ होण्यास काही काळ सलग वेग लागतो. डोंबिवलीहून ठाण्याला शीळफाट्याच्या रांगेतून रोज मुंगीच्या पावलांनी जाणाऱ्याला तो वेग कोठून मिळावा?

अशा रस्त्यावर थांबत-थांबत जाणाऱ्यास हायब्रिड विशेष मानवते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती विजेच्या रूपाने साठविते. चौघे बसून माळशेज घाट नेहमी चढावयाचा असेल, तर मोठे एंजिन उपयोगी. चार चाकांच्या जोराने मात्र गाडीचे वजन, किंमत आणि इंधनाचा खर्च, तिन्ही वाढतात.

येथे वृद्ध गृहस्थांनी चिरंजीवांकडे वळून सांगितले, "बाळ, गाडी चालती करण्यास चार चाकांचा जोर मदत करतो, थांबविण्यास नाही. ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांवर असतात. झिजलेल्या टायरवर कोणतीच गाडी वेळेवर थांबत नाही. आणि २६ जुलै २००५ सारखे पाणी साचले, हवेच्या वाटेने ते एंजिनात शिरले, की आतले दांडे वाकतात. तेथे किती चाकांना जोर आहे, याला अर्थ उरत नाही."

चिरंजीव निरुत्तर झाले. यजमानांनी कर्ज वाढविण्याचा बेत सोडला आणि वाचलेल्या पैशातून चांगले टायर घेण्याचे ठरविले.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. प्यूजोचे एंजिन उत्तम असूनही संप आणि भागीदारांचे मतभेद यांपुढे ते टिकले नाही. १९९७ साली फ्रेंच कंपनीने अंग काढून घेतले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. यंत्र कितीही समर्थ असो, ते घडविणारे हात आणि चालविणारी बुद्धी एका दिशेने चालली नाही, तर रथ जागच्या जागी राहतो.

निघताना यजमानांच्या चिरंजीवांनी वाकून त्या वृद्धांना नमस्कार केला आणि विचारले, "काका, गाडी आणावयास परवा आमच्याबरोबर याल ना?" त्यांनी होकार दिला. दसऱ्याला सोने वाटताना वाचकांनीही अशा हातांची आठवण ठेवावी.