ओल्या मावळातले खूर

आंदर मावळात पाऊस एकदा ठाण मांडून बसला, की ठोकळवाडीच्या जलाशयापासून टाकव्यापर्यंतचा सारा मुलूख दोन-अडीच महिने वाळत म्हणून नाही. भातखाचरांत चिखलणी सुरू होते, बैल दिवसभर गुडघाभर गाळात राबतात, आणि सांजावता परततात तेही शेणामुताने भिजलेल्या गोठ्यातच. अशाच एखाद्या सकाळी दावे सोडताच बैल मागचा पाय अलगद टेकतो आणि लगेच उचलतो. मुरगळला असेल, चालता चालता मोकळा होईल, अशी समजूत करून घेऊन धनी त्याला पुन्हा जुवाखाली घेतो, आणि जो दोष चार दिवसांत आटोक्यात यावयाचा तो सारा हंगाम बुडवितो.

खूर हा शिंगाच्याच जातीच्या कठीण द्रव्याचा असला तरी अखंड ओलीने तो मऊ पडतो, आणि दोन नख्यांमधल्या बेचक्यातील नाजूक कातडी तर त्याहूनही लवकर पांढुरकी होऊन फाटते. मग मुरमाचा एखादा खडा किंवा करवंदीचा काटा एवढे निमित्त पुरते. शेणाचिखलात वसणारा, हवेचे वावडे असलेला फ्यूझोबॅक्टेरियम नावाचा जंतू त्या भेगेतून आत शिरतो आणि मांस कुजवू लागतो. पाय उचलून, स्वच्छ धुऊन बेचके उघडून पाहावे, तो सूज, भेग आणि तीव्र कुजका दर्प ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळतात. या अवस्थेत पशुवैद्याने दिलेले प्रतिजैविक बहुधा गुण देते. दुर्लक्ष झाल्यास विकार सांध्यात उतरतो आणि इलाज दुरापास्त होतो.

अतिवृष्टीच्या डोंगराळ प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या डांगी बैलाचे काळे, टणक खूर या ओलीत पुष्कळ टिकाव धरतात. परंतु दुधाच्या आशेने आणलेली संकरित गाय दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर उभी राहते; भरडा बेसुमार झाला की पोटातील आम्ल वाढून तिच्या खुरांच्या आतील थरांस सूज येते, आणि वाढलेल्या नख्या वेळेवर साळल्या नाहीत तर अंगाचा भार टाचेवर पडून चाल बिघडते.

तथापि प्रत्येक लंगडण्याचे मूळ खुरातच असते असे नाही. एकाच वेळी अनेक जनावरे लंगडू लागली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या आणि जिभेवर फोड दिसले, तर ती लाळ्या-खुरकूत समजून जनावरे तत्काळ वेगळी बांधावीत व दवाखान्यास वर्दी द्यावी. २०१९ पासून राष्ट्रीय मोहिमेत या रोगाची लस वर्षातून दोनदा मोफत टोचली जाते. धडधाकट, कोवळ्या वयाचे जनावर तापाने फणफणून एका पायाने लंगडले, आणि फऱ्यावरील सुजेवर हात दाबताच चरचर आवाज आला, तर तो फऱ्या होय. तेथे एका प्रहराचाही विलंब घातक ठरतो, म्हणूनच त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावयाची असते. तिवा या रोगात मात्र ताप येऊन अंग आखडते, लंगडेपणा एका पायातून दुसऱ्या पायात फिरतो आणि बहुधा तीन दिवसांत ओसरतो.

मेंढरांची कथा निराळी आहे, आणि तिच्यात धनगरांच्या पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. देशावरील अवर्षणी माळांचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या शेतांत कळप बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेतात, आणि पावसाचे ढग जमण्याआधी परततात. या वहिवाटीस चाऱ्याइतकाच मेंढीचा खूरही कारण आहे, कारण सततच्या ओलीत तो सडतो. पुढचे दोन्ही पाय दुखावलेली मेंढी गुडघे टेकून चरताना दिसते, आणि ते दृश्य पाहणाऱ्याच्या मनातून सहजी जात नाही. या सडीचा मुख्य जंतू, डायकेलोबॅक्टर नोडोसस, १९४१ साली ऑस्ट्रेलियात बेव्हरिज यांनी ओळखला. त्याचे मर्म असे, की खुराबाहेर, जमिनीवर, तो सामान्यतः आठवडाभराहून अधिक तग धरीत नाही. निरोगी मेंढ्या दोन आठवडे रिकाम्या राहिलेल्या कोरड्या रानात चारल्या आणि लंगड्या मेंढ्या वेगळ्या ठेवल्या, तर संसर्गाची साखळी तुटते.

बंदोबस्त त्यामुळे अवघड नाही. गोठ्याला उतार द्यावा, मूत्र वाहून जाण्यास पन्हळ काढावी, आणि बसावयाच्या जागी कोरडा पेंढा घालावा. वाटेवर उथळ हौद करून गुरांसाठी १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद विरघळवावे आणि धुतलेल्या पायांनी त्यांस त्यातून चालवावे. मेंढीस मोरचुदातील तांबे सोसत नाही, म्हणून तिच्यासाठी जस्ताचे सल्फेट १०० लिटरांस १० किलो या प्रमाणात घेऊन कळप त्यात पंधरा मिनिटे उभा करावा व मग कोरड्या जागी न्यावा. वापरलेले पाणी ओढ्यात किंवा खाचरात सोडू नये. रक्त येईपर्यंत खूर कोरण्याची पद्धतही सोडावी. तिने जखम भरणे लांबते.

परंतु या साऱ्या तजविजीच्या आधी येते ती नजर. चिखलणीच्या धांदलीतही गोठ्याच्या दाराशी दोन क्षण थांबून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जनावराचे पाऊल कसे पडते हे जो धनी रोज न्याहाळील, त्याला बैलाचा अलगद टेकलेला पाय पहिल्याच सकाळी दिसेल, आणि त्या दिवशी जू खुंटीला टांगून ठेवण्याचे धैर्य त्याने दाखविले, तर पुढचा सारा हंगाम तो बैल त्याच्या खाचरात उभा राहील.