अ‍ॅक्चुअरिअल सायन्सची शिष्यवृत्ती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीला गणितात नव्वदीपार गेलेल्या मुलामुलींना हल्ली एक नाव हमखास सुचवलं जातं, अ‍ॅक्चुअरिअल सायन्स. विमा कंपनीने किती हप्ता घ्यावा, पेन्शन फंडात आज किती रक्कम असायला हवी, हे गणिताने ठरवणारं हे शास्त्र. नाव कानावर पडलं की पाठोपाठ खर्चाचा आकडा येतो, आणि आकडा ऐकला की शिष्यवृत्तीचा शोध सुरू होतो. खरी पडझड इथे होते. चांगली मुलं मार्क कमी पडले म्हणून मागे राहत नाहीत. योजनेची अट कोणी नीट वाचलेली नसते, किंवा ऐकीव माहितीवर भलत्याच योजनेकडे अर्ज गेलेला असतो. एक वर्ष हातचं जातं आणि घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, बी.कॉम. कर.’ हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती इथे तपासून बघू.

‘एसेट पास झालो की कॉलेज आणि शिष्यवृत्ती दोन्ही मिळतं’

एसेट ही इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया या संस्थेची प्रवेश परीक्षा. अ‍ॅक्चुअरीज अ‍ॅक्ट, २००६ या कायद्याने ही संस्था उभी राहिली. त्याआधी १९४४ पासून हेच काम अ‍ॅक्चुअरिअल सोसायटी ऑफ इंडिया करत होती. संस्थेचं कार्यालय नवी मुंबईत आहे. परीक्षेत गणित, संख्याशास्त्र, माहितीचं विश्लेषण, इंग्रजी आणि तर्क असे भाग असतात. बारावीनंतर ती देता येते. ती उत्तीर्ण झालात की संस्थेचं विद्यार्थी सभासदत्व घेता येतं आणि पुढचे व्यावसायिक पेपर देण्याचा मार्ग खुला होतो.

विद्यापीठाचा प्रवेश ही पूर्णपणे वेगळी गोष्ट, आणि शिष्यवृत्ती तिसरीच. तिन्हींचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या, कागदपत्रंही बरीचशी वेगळी. तरीही एसेटचा निकाल शिष्यवृत्तीच्या अर्जात जोडण्यासारखा असतो. ‘मला हा विषय जमेल’ हे नुसतं म्हणण्यापेक्षा त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा कागद जास्त बोलतो.

‘सायन्सवाल्यांनाच हे जमतं’

लागतं ते गणित, शाखा नाही. महाराष्ट्रात कॉमर्सला गेलेल्या मुलांपुढे अकरावीत एक प्रश्न असतो: एसपी घ्यायचं की मॅथ्स? सेक्रेटरिअल प्रॅक्टिस सोपं जातं, टक्के वाढतात, म्हणून पुष्कळ जण गणित सोडून देतात. अ‍ॅक्चुअरीचा विचार मनात असेल तर हा निर्णय बारावीच्या निकालापेक्षा महत्त्वाचा आहे. गणित सुटलं की परदेशी विद्यापीठांची दारं जवळपास बंद होतात, देशातल्या संख्याशास्त्राच्या पदवीचीही. गणित घेऊन कॉमर्स केलेल्या मुलाला या व्यवसायाच्या परीक्षांना मात्र कुणी अडवत नाही. आणखी एक बारकावा: ब्रिटनमधली पुष्कळ विद्यापीठं सीबीएसईसाठी एक टक्केवारी मागतात आणि राज्य मंडळाच्या बारावीसाठी दुसरी. मित्राला चालली ती टक्केवारी आपल्याला चालेलच असं धरू नका.

‘प्रोफेशनल कोर्स आहे, म्हणजे सरकार फी भरणार’

या एका समजुतीने सर्वाधिक घरांचं गणित चुकतं, म्हणून इथे जरा थांबतो.

अ‍ॅक्चुअरी हा व्यवसाय आहे यात वाद नाही. पण सरकारी योजनेत ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ म्हणजे शासनाच्या यादीतले अभ्यासक्रम. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. योजना मोलाची आहे. पण ती कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत. आता बघा, अ‍ॅक्चुअरिअल सायन्स या नावाने चालणाऱ्या पदव्या बऱ्याचदा अशाच खासगी विद्यापीठांत असतात. मुलगी पात्र, उत्पन्न पात्र, जात प्रमाणपत्र हातात. पण कॉलेज योजनेत बसत नाही. प्रवेश घेऊन झाल्यावर हे कळलं तर करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. कॉलेज ठरवून मग योजना शोधण्याऐवजी आधी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर योजना पाहा, तिच्यात आपलं कॉलेज आणि नेमका तो अभ्यासक्रम आहे का ते तपासा, मग प्रवेशाचे पैसे भरा. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन ‘गेल्या वर्षी या कोर्सच्या कुणाला ही शिष्यवृत्ती मिळाली का’ असं सरळ विचारा. या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजावं.

याउलट केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती कोर्सच्या नावाला अडून बसत नाही. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्के मुलांत असाल, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल आणि नियमित पदवीला प्रवेश असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करता येतो. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात. खासगी विद्यापीठाच्या फीपुढे ही रक्कम लहान आहे. पण सरकारी किंवा अनुदानित कॉलेजातल्या बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या फीपुढे ती लहान नाही. आणि बी.एस्सी. संख्याशास्त्र हा अ‍ॅक्चुअरी होण्याचा उत्तम, स्वस्त आणि जुना रस्ता आहे. पदवीवर ‘अ‍ॅक्चुअरिअल’ हा शब्द हवाच, असं व्यावसायिक पेपर देताना कुणी म्हणत नाही.

‘जितके अर्ज, तितके पैसे’

वरच्या केंद्रीय योजनेत दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची फीमाफी घेणाऱ्याला लाभ मिळत नाही. इतर अनेक योजनांतही अशी अट असते. अर्ज एकाहून जास्त करा, पण लाभ कोणता घ्यायचा ते आकडे मांडून ठरवा.

‘परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती बारावीनंतर मिळते’

नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, राज्याची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठीची राज्याच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती, या सगळ्या पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत. केंद्राच्या योजनेत १२५ जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी. त्यामुळे शहाणपणाचा आराखडा असा: पदवी इथे कमी खर्चात, तीही शक्यतो संख्याशास्त्रात, आणि मास्टर्सला परदेश.

पण इथे एक खाच आहे, ती अ‍ॅक्चुअरीच्या विद्यार्थ्यांना खास नडते. राज्याच्या या योजनांत विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. अ‍ॅक्चुअरिअल शिक्षणासाठी नावाजलेलं एडिनबरोचं हेरिअट-वॉट किंवा लंडनचं सिटी विद्यापीठ (आता सिटी सेंट जॉर्जेस) अलीकडच्या यादीत दोनशेच्या बाहेर आहे. ही क्रमवारी सगळ्या विषयांची मिळून असते. एखादा विभाग आपल्या विषयात कितीही जुना आणि पक्का असला तरी तिथे ते धरत नाहीत. उलट सिडनीचं युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्स, कॅनबराचं ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, मेलबर्न विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी अ‍ॅक्चुअरिअल विषयाची मास्टर्स आहे आणि तिन्ही या मर्यादेत आरामात बसतात. म्हणजे शिष्यवृत्तीवर जायचं असेल तर विद्यापीठांची यादी बनवतानाच क्रमवारी शेजारी ठेवावी लागेल. माझ्या मते शासनाने अशा विशेष विषयांसाठी विषयवार क्रमवारी धरायला हवी. आज तरी तसं नाही.

सिडनीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या को-ऑप कार्यक्रमात अ‍ॅक्चुअरिअल विषयाची शिष्यवृत्ती आहे. कंपन्या पैसा पुरवतात आणि शिक्षण चालू असताना त्यांच्याकडे प्रत्यक्ष कामही करायला मिळतं. इथल्या मुलांना तिचं फार आकर्षण वाटतं, पण ती ऑस्ट्रेलियाचे नागरिक, तिथले कायम रहिवासी आणि न्यूझीलंडचे नागरिक यांच्यासाठी आहे. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला ती नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनी मात्र जरूर अर्ज करावा. आणि तिथे नुसते मार्क पुरत नाहीत, लेखी अर्ज आणि मुलाखतीला मोठं वजन असतं.

‘टाटांची स्कॉलरशिप मिळाली की फुकट’

जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणाला मदत करत आलं आहे, पण ती मदत कर्जाच्या रूपाने असते. के. सी. महिंद्र ट्रस्टची परदेशी पदव्युत्तर शिक्षणाची मदतही बिनव्याजी कर्जच. दोन्ही संस्थांबद्दल मनात आदर ठेवूनच हे लिहितो आहे. बँकेच्या व्याजाशी तुलना केली तर ही मदत फार मोठी आहे. फक्त ‘स्कॉलर’ या शब्दावरून ती परत करायची नाही असा समज घरात होऊ देऊ नका. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीत पैसे परत करायचे नसतात, पण अर्जाच्या वेळी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर परतून किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. पदवीनंतर दोन वर्षं एखाद्या विमा कंपनीत काम करून दोन-तीन पेपर काढलेल्या उमेदवारासाठी ती बांधून घेतल्यासारखी आहे.

‘एसओपीत गणिताची आवड लिहिली की झालं’

‘मला लहानपणापासून गणिताची आवड आहे’ हे वाक्य एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, निवड समितीने हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी एक छोटं उदाहरण स्वतः सोडवून दाखवा. समजा, एका पॉलिसीत २० वर्षांनी माणूस हयात असेल तर १ लाख रुपये द्यायचे आहेत. हजारांपैकी ९०० जण तोवर हयात राहतील असा अंदाज आहे. पैशावर ७ टक्के व्याज मिळेल असं धरलं तर आज माणशी सुमारे २३,२५८ रुपये बाजूला ठेवावे लागतात. तेच व्याज ६ टक्के धरलं तर २८,०६२. एका टक्क्याच्या अंदाजाने माणशी जवळपास ४,८०० रुपयांचा फरक पडतो. लाखभर पॉलिसीधारक असतील तर हा फरक ४८ कोटींच्या घरात जातो.

गुणाकार-भागाकार कुणीही करेल. ७ धरायचं की ६, ते का, आणि अंदाज चुकला तर कुणाचं नुकसान होईल, हे सांगता येणं म्हणजे अ‍ॅक्चुअरीचं काम. जास्त व्याज धरून हप्ता कमी ठेवला तर पैसे द्यायच्या वेळी कंपनीची तिजोरी रिकामी असू शकते. फार सावध राहिलं तर विमा गरिबाला परवडत नाही. ज्या अर्जात ही ओढाताण कळलेली दिसते तो अर्ज वेगळा उठून दिसतो, आणि मुलाखतीतही प्रश्न इकडेच वळतात. साध्या भाषेत समजावता येतं का, हेही तिथे पाहतात, कारण पुढे संचालक मंडळाला हेच समजावायचं असतं.

‘कागदपत्रं नंतर पाहू’

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एका आर्थिक वर्षापुरता चालतो, ३१ मार्चला त्याची मुदत संपते. जात वैधता, नॉन-क्रीमी लेअर आणि अधिवास यांना वेळ लागतो, हे सेतू केंद्रावर रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. यापेक्षा गुपचूप घात करते ती बँकेची बाब. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि सरकारी पैसे थेट त्याच खात्यात येण्याची नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंतर कधीतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडताना तिथे ही नोंद केली गेली असेल, तर पैसे तिकडे जातात. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे का, तेही आजच पाहून घ्या.

‘पदवी मिळाली की अ‍ॅक्चुअरी झालो’

ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्चुअरीजची मान्यता असलेल्या विद्यापीठात चांगले गुण पडले तर सुरुवातीच्या काही पेपरांतून सूट मिळते, सीएस१, सीएम१ यांसारख्या. पुढचे पेपर, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि फेलोशिप, म्हणजे संस्थेचं पूर्ण सभासदत्व, बाकीच असतं. अशी सूट भारतातल्या संस्थेत कशी धरली जाईल, हे जाण्याआधी ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं.

या पेपरांची फी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीत सहसा येत नाही, ती वेगळी धरावी लागते. ब्रिटिश संस्था कमी उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना सभासदत्व आणि परीक्षेच्या फीमध्ये मोठी सवलत देते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो आपणहून कुणी सुचवत नाही. नोकरी लागल्यावर अनेक विमा आणि सल्लागार कंपन्या पेपरची फी आणि अभ्यासाची रजा देतात. त्यामुळे पदरमोड करायची ती बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन पेपरांसाठी, आणि खर्चाच्या कागदावर हा आकडा पहिल्या दिवशीच लिहिलेला बरा.