कालव्याचं पाणी, नदीचं सांडपाणी

कोपरगाव गोदाकाठी वसलेलं असलं तरी शहर पाणी पितं ते कालव्याचं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की येसगावचे साठवण तलाव भरून घ्यायचे आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत ते पुरवायचे. नळाला काही दिवसांआड पाणी येणं इथे अंगवळणी पडलं आहे. वापरलेलं पाणी मात्र उतार धरून नाल्यांतून नदीकडे जातं. मला यातच नदीच्या दुखण्याचं मूळ दिसतं. पिण्याचं पाणी एकीकडून यावं आणि सांडपाणी दुसरीकडे जावं, अशी सोय झाली की नदी कुणाच्याच तहानेचा विषय राहत नाही.

पण ती खालच्यांच्या तहानेचा विषय असतेच. कोपरगावच्या पुढे चांगदेवांच्या समाधीचं पुणतांबे आहे आणि त्याही पुढे नाथसागर जलाशय. त्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगरची तहान भागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातले होते आणि त्यांत गोदावरीही होती. दोष एकट्या कोपरगावचा नाही. वर नाशिकसारखं मोठं शहर आहे. तरीही पावसाळा सरल्यावर पात्रात वाहतं पाणी फारसं उरत नाही, तेव्हा लहान गावाचा नालाही नदीला जड जातो. मिसळायला पाणीच नसेल तर मैल्यातला सेंद्रिय भाग कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो. नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी माजते.

आकडे मांडून पाहू. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 65 हजार होती. माणशी रोज 135 लिटर हे मानक धरलं आणि त्यातलं 80 टक्के पाणी सांडपाणी होतं असं मानलं, तर रोजचं सांडपाणी 70 लाख लिटर होतं. प्रत्यक्षात पुरवठा तोकडा असल्याने ते कमी भरेल. पण मानकाप्रमाणे पाणी मिळालं, तर वर्षाचा हिशेब सुमारे 90 दलघफू (दशलक्ष घनफूट) होतो. पाटपाण्यावर ऊस घेणाऱ्या तालुक्याला दलघफूची किंमत वेगळी सांगायला नको. शुद्ध केलेलं हे पाणी शेतीला गेलं, तर कालव्यावरचा तेवढा भार हलका होईल.

भुयारी गटार आणि प्रक्रिया केंद्र हवंच. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने नदीत घाण सोडायला मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2017 मध्ये नागरी सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रांसाठी मुदत घालून दिली. पण लहान नगरपरिषदेला असं केंद्र उभारण्यापेक्षा चालवणं अवघड जातं. वीजबिल, पंपांची दुरुस्ती आणि जाणता ऑपरेटर, हे दर महिन्याला लागतं. म्हणून जिथे जागा आहे तिथे नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिडसारख्या, वनस्पती आणि खडीच्या थरांतून पाणी गाळणाऱ्या पद्धतीचा विचार आधी व्हावा. तिला वीज फार थोडी लागते.

त्याहून तातडीचं काम सेप्टिक टँकचं. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, पण ती तुंबल्याशिवाय कुणी गाडी बोलावत नाही. तोवर गाळाने भरलेल्या टाकीतून मैला जवळजवळ तसाच गटारात येतो. इथे शेजारचं सिन्नर पाहण्यासारखं आहे. त्याचीही लोकसंख्या 2011 मध्ये 65 हजारांच्या आसपासच होती. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साथीने सिन्नर आणि कृष्णाकाठच्या वाईने टाक्या उपसण्याचं वेळापत्रकच आखलं. गाडी वस्तीवस्तीने फिरते, प्रत्येक टाकीचा क्रम साधारण तीन वर्षांनी येतो आणि मैला प्रक्रिया केंद्रात जातो. उपशाच्या वेळी घरमालकाकडून वेगळे पैसे घेतले जात नाहीत, खर्च करातून भागतो. त्यामुळे टाळाटाळीला कारणच उरत नाही.

आवर्तनाच्या तारखांवर ज्या शहराचं सारं जगणं बेतलेलं आहे, त्याला मैल्याचंही आवर्तन बसवणं अवघड जाऊ नये. भुयारी गटाराचा निधी येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. घरोघरच्या टाक्यांची नोंद, उपसणारी गाडी, ती चालवणाऱ्यांना सुरक्षेची साधनं आणि मैल्यावर प्रक्रिया करायला नदीपासून लांब, पुराच्या रेषेबाहेरची जागा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.