काचेमागचे ऊन

मराठवाड्यातल्या पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या कंपनीचे, पतसंस्थेचे किंवा बी-बियाण्यांच्या व्यापाऱ्याचे ऑफिस नव्याने सजवायचे ठरले, की मोबाइलवर दुबईचे नाहीतर सिंगापूरचे छायाचित्र निघते. रस्त्याकडची विटांची भिंत पाडून आरपार काच, वर एसीपीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दुहेरी पत्र्यांचे, चकचकीत आवरण, आत पीओपीचे छत आणि त्यात निळ्या एलईडी पट्ट्या. या हौसेचे मला मनापासून कौतुक आहे. आपल्या गावातली कामाची जागाही देखणी असावी, असे का वाटू नये? काळजी वाटते ती मे महिन्यातल्या दुपारी चारच्या उन्हाची.

काचेचा गुण विचित्र आहे. उन्हातला प्रकाश आणि त्याच्या जोडीने येणारी बरीचशी उष्णता साध्या काचेतून सहज आत शिरते. आतली फरशी, टेबले, खुर्च्या तापतात आणि स्वतःही उष्णता बाहेर टाकू लागतात. पण ती लांब लहरींच्या अवरक्त किरणांच्या रूपात असते आणि या किरणांना काच आरपार जाऊ देत नाही. आत यायला दार उघडे, बाहेर जायला बंद. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मग एसीला दिवसभर झगडावे लागते ते आपणच आत बोलावलेल्या उन्हाशी.

म्हणून सजावटीच्या आधी सूर्याचा रस्ता पाहायला हवा. पाटोदा साधारण 18.8 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो; तो शून्य सावलीचा दिवस. मधल्या काळात तो मध्यान्ही थोडा उत्तरेलाच असतो. डिसेंबरच्या 22 तारखेला मात्र तो दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या खिडकीला ऐन उन्हाळ्यात मध्यान्हीच्या उन्हाचा त्रास जवळजवळ नसतो आणि हिवाळ्यात दोन फुटांचा छज्जा खालची सव्वादोन फूट काच सावलीत ठेवतो. पश्चिमेचे गणित उलटे. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजाच्या सुमारे 25 अंश वर असतो. तोच दोन फुटांचा छज्जा तेव्हा वरची फूटभर काच झाकतो, बाकी सगळी काच ऊन पिते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या ऑफिसला आडव्या छज्ज्याचा उपयोग नाही. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, किंवा भिंतीपासून हातभर पुढे उभी केलेली भाजक्या मातीची जाळी. अशी जाळी आज संगणकावर हव्या त्या नक्षीत आखता येते. रस्त्यावरून पाहताना तीच मला काचेपेक्षा कितीतरी धाडसी दिसते.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न वजनाने सोडवला होता. जाड दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर पाला आणि मातीचे थर घातलेले माळवद. एवढ्या मातीला तापायलाच वेळ लागतो. दुपारची झळ आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर घरची माणसे अंगणात निजायला गेलेली असतात. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात याच वजनाखाली हजारो माणसे गेली. त्यामुळे ‘पुन्हा माळवद बांधा’ असे मी म्हणणार नाही. त्यातले तत्त्व घ्यायचे आणि ते सिमेंटच्या चौकटीत बसवायचे: स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा लेप किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, त्याखाली उष्णतारोधक थर, पश्चिमेची भिंत दुहेरी आणि मध्ये पोकळी.

मोठ्या कंपन्याही दिखाव्याआधी थंडाव्याच्या हिशेबाकडे वळल्या आहेत. मुंबईच्या फोर्टमधले गोदरेज भवन 1972 चे. ते 2010 मध्ये पाडले नाही, दुरुस्त केले. मुख्य बदल कुठला, तर जुनी वातानुकूलन यंत्रणा काढून कमी वीज खाणारी नवी बसवणे. फोटोत न दिसणारा हा खर्च पाच वर्षांच्या आत वसूल होईल, असा हिशेब निघाला. इन्फोसिसने 2011 च्या सुमारास हैदराबादेत तर प्रयोगच केला. एकाच इमारतीच्या अर्ध्या भागात थंड हवा सोडली, उरलेल्या अर्ध्यात स्लॅबमध्ये नळ्या बसवून त्यांतून थंड पाणी फिरवले. एक घनमीटर पाणी तेवढ्याच हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. पाण्याच्या अर्ध्या भागाला सुमारे एकतृतीयांश वीज कमी लागली.

पाटोद्यात एवढी यंत्रणा कुणी बसवणार नाही. पण इथला उन्हाळा कोरडा आहे आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट उष्णता शोषली जाते. तीच उष्णता बाहेर काढायला चांगल्या एसीला पाव युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे कूलरमधले प्रत्येक लिटर पाव युनिट विजेच्या मोलाचे. मांजरा नदीचा उगम ज्या तालुक्यात होतो, तिथेही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पाणी खर्चायचे की वीज, हा हिशेब प्रत्येक ऑफिसने स्वतः मांडायचा आहे. छपरावर सौर पॅनल असतील तर भर दुपारी पारडे एसीकडे झुकते. पॅनलच्या सावलीने स्लॅबही कमी तापतो, हा वरचा फायदा.

एसीपी घेताना एक गोष्ट मात्र विचारूनच घ्या: दोन पत्र्यांच्या मधला गाभा कशाचा आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून 2017 ला ज्या आगीत 72 जण मेले, ती असल्याच आवरणातल्या पॉलिथिलीनच्या गाभ्यावरून इमारत चढली होती.

आणि ठेकेदाराला उचल देण्याआधी एका उन्हाळी दिवशी जागेवर दोनदा जा. संध्याकाळी पाचला काच बसणार आहे तिथे उभे राहा, ऊन कुठवर आत येते तिथे खडूने रेघ मारा. मग रात्री आठला पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवा. भिंत अजून गरम लागली, तर पैसे आधी तिच्यावर घाला. निळ्या पट्ट्या पुढच्या दिवाळीलाही लावता येतील.